ठेव कोणाच्या घरी?

बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटेगाव लागते. तारापूरचे अणुशक्ती केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, त्याच्या मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली आणि तिची वस्ती पसरत पसरत या गावाच्या शिवारापर्यंत आली. वसई, मुंबई, गोवा, केरळ, झारखंड अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली माणसे या परिसरातील इमारतींतून राहतात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अशा स्थलांतरित घरात जुनी लाकडी पेटी सहसा नसते. ती मूळ गावी, थोरल्या भावाच्या माळ्यावर राहिलेली असते. इथल्या घराची पेटी म्हणजे फोन. मुलांच्या बाप्तिस्म्याची आणि प्रथम ख्रिस्तशरीराची छायाचित्रे, बहिणीच्या लग्नाची चित्रफीत, खोलीच्या खरेदीखताची प्रत, गेल्या वर्षी निवर्तलेल्या आजोबांचा आवाज, सारे त्यातच. फोन हरवला तर काय, असे विचारावे तर उत्तर ठरलेले असते: ‘सगळे क्लाऊडवर आहे.’

क्लाऊड म्हणजे ढग. या शब्दामुळे असा भास होतो, की आपली ठेव वर कुठेतरी, सर्वांच्या आवाक्याबाहेर, देवाच्या राखणीत आहे. प्रत्यक्षात या ढगाला जमीन आहे, छप्पर आहे, विजेचे बिल आहे आणि मालक आहे. ॲमेझॉन कंपनीने आपले मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू केले. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात अशी साठवणकेंद्रे आज उभी आहेत. थोडक्यात, क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील दुसऱ्याचा संगणक. तेथे ठेवलेली वस्तू आपली असते. जागा, कुलूप आणि नियम त्याचे असतात.

दुसऱ्याच्या घरी ठेव ठेवण्याचा हा व्यवहार आमच्या किनाऱ्याला नवा नाही. त्याचा चारशे वर्षांचा इतिहास उपलब्ध आहे. आजच्या प्रश्नाचा विचार त्या इतिहासाच्या उजेडात करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

बेटेगावापासून जवळच्या तारापूरपासूनच आरंभ करू. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी तारापूरचा पोर्तुगीज कोट घेतला. या लढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली आणि काही महिन्यांच्या अवधीत साऱ्या उत्तर कोकणाचा धनी बदलला. किल्ल्याचा धनी बदलला की किल्ल्यातल्या कपाटाचाही बदलतो. तरीही त्या लढ्याची हकिकत आज आपण दोन्ही बाजूंनी वाचू शकतो. मराठ्यांच्या छावणीतील पत्रे पेशव्यांच्या दफ्तरात राहिली आणि पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, त्यांत वसईच्या मोहिमेचेही कागद आले. पोर्तुगीजांचा पत्रव्यवहार गोव्यास आणि लिस्बनला गेलेला होता. कोटात जे घडले ते कळण्यासाठी कोटाबाहेर गेलेले कागद उपयोगी पडले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ठेव दुसऱ्या ठिकाणी असणे लाभाचे असते, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न आहे तो ती फक्त दुसऱ्याच ठिकाणी असण्याचा.

गोव्याचे दफ्तरखाने १५९५ मध्ये स्थापन झाले आणि दियोगो दु कोतु हे इतिहासकार त्याचे पहिले रक्षक झाले. पोर्तुगीजांच्या आशियातील कारभाराचा इतिहास ते दशकांच्या नावाने लिहीत होते. या गृहस्थांच्या स्वतःच्या हस्तलिखितांचे जे झाले, ते ऐकण्यासारखे आहे. सातव्या दशकाची प्रत लिस्बनला धाडली, तर वाटेत जहाजच शत्रूच्या हाती पडले. आठव्या आणि नवव्या दशकांची हस्तलिखिते ते आजारी असताना चोरीस गेली. म्हाताऱ्या कोतुंना ती आठवणीने, संक्षेपात, पुन्हा लिहावी लागली. राज्याचे कागद राखणाऱ्या माणसाच्या घरातून त्याचेच कागद गेले. नियतीचा हा विनोद जरा कठोरच म्हणावा लागेल.

कोतुंच्या सातव्या दशकावर जी पाळी आली ती टाळण्याची एक रीत त्या काळी रूढ होती. लिस्बन आणि गोवा यांमधील टपाल वर्षातून एकदा, मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांतून जाई-येई. म्हणून त्या पत्रव्यवहाराच्या बांधीव खंडांना ‘मान्सूनची पुस्तके’ असे नाव पडले. समुद्रात जहाज बुडणे, लुटले जाणे ही नित्याची गोष्ट. तेव्हा महत्त्वाचे पत्र एकच लिहीत नसत. त्याच्या दोन-तीन प्रती करून, ‘पहिल्या वाटेने’, ‘दुसऱ्या वाटेने’ अशी खूण घालून, त्या वेगवेगळ्या जहाजांतून पाठवीत. जेझुइट धर्मगुरूही रोमला पत्रे धाडताना हाच रिवाज पाळीत. एकाच जहाजात तिन्ही प्रती घालण्याचा मूर्खपणा कोणी केला नाही. आज आम्ही मात्र फोन, संगणक आणि टॅब्लेट अशा तीन उपकरणांवर एकाच खात्यातील एकच संग्रह पाहतो आणि आपल्याजवळ तीन प्रती आहेत असे समजतो. वस्तुतः त्या एकाच जहाजाच्या तीन खिडक्या आहेत. एका ठिकाणी छायाचित्र पुसले, की जुळवणीच्या नियमाप्रमाणे ते तिन्ही ठिकाणांहून जाते. काही काळ कचरापेटीत थांबते, मग तेथूनही नाहीसे होते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यामागून समुद्र चढून आला आणि नंतर आग लागली. नदीकाठचा राजवाडा आणि त्याला लागून असलेल्या ‘कासा दा इंदिया’ या भारतविषयक कचेरीचे दफ्तर त्यात नष्ट झाले. दोन शतकांहून अधिक काळचे हिशेब आणि नोंदी एका दिवसात संपल्या. किल्ल्याच्या बुरुजात असलेले राज्याचे मुख्य दफ्तर, तोरे दो तोम्बो, तेही कोसळले. पण तेथील बहुतेक कागद ढिगाऱ्यातून काढून वाचवता आले. भारताविषयीचे जे कागद लिस्बनला उरले नाहीत, त्यांतील कितीतरी मजकूर गोव्यातील प्रतींमुळे टिकला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या मान्सूनच्या पुस्तकांपैकी ६२ खंड लिस्बनला नेण्यात आले आणि ते आजही तेथेच आहेत. मध्यवर्ती ठिकाण म्हणजे सुरक्षित ठिकाण, हा समज त्या सकाळी निकालात निघाला होता. तरी सरकारांची सवय काही सुटली नाही.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे प्रथम छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. त्या काळाच्या मानाने तीन आवृत्त्या म्हणजे मोठीच लोकप्रियता. छपाई झाली, प्रती वाटल्या गेल्या, चर्चचा आणि राज्याचा आश्रय होता. ग्रंथ अमर झाला असे तेव्हा कोणासही वाटले असते. पण १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज राज्याने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. आश्रयदात्याचे मन पालटले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आजवर कोणाच्या हाती आलेली नाही.

मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींतून. मंगळूर भागातील ख्रिस्ती मंडळींनी जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळुरास रोमन लिपीतील आवृत्ती छापली. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानाच्या संग्रहातून लंडनला पोहोचले होते. ते १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. मंगळूरचे घर आणि लंडनचा ग्रंथसंग्रह, दोन्ही ठेवी एकमेकींपासून हजारो मैल दूर, एकमेकींस अपरिचित. छापखान्याच्या आणि राज्याच्या भरवशावर राहिलेल्या प्रती गेल्या; कोणीतरी दिव्याच्या उजेडात बसून उतरवून घेतलेल्या प्रती राहिल्या. त्या उतरवणाऱ्यांना आपण काही इतिहास वाचवीत आहोत असे वाटले नसेल. उपवासकाळात वाचायला घरी पुराण हवे, एवढीच त्यांची गरज असावी.

चर्चने आपल्या नोंदवह्यांबाबत मात्र बऱ्याच आधीपासून शिस्त घालून दिली आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने ठरवून दिले. १९१७ च्या धर्मसंहितेत तर वर्षअखेरीस या वह्यांची अधिकृत प्रत बिशपांच्या कचेरीत पाठवावी असा स्पष्ट नियम होता. १९८३ च्या संहितेतही धर्मग्रामाच्या नोंदवह्या आणि जुने कागद काळजीपूर्वक जपण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर आहे. मूळ वही धर्मग्रामात, प्रत दुसऱ्या छपराखाली. या व्यवस्थेत एक खुबी आहे जी आम्हांस फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे दृढीकरण आणि विवाह यांची नोंद करावी लागते. म्हणजे वही एकदा लिहून कपाटात बंद होत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी ती उघडतोच. पान सुटले आहे, शाई फिकी झाली आहे, वाळवी लागली आहे, हे त्या निमित्ताने दिसते. क्लाऊडवरच्या हजारो छायाचित्रांपैकी किती आपण पुन्हा उघडून पाहतो?

आता अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास पाहू. तो लिस्बनइतका भव्य नाही, पण आपल्या घराला अधिक जवळचा आहे. लक्षावधी लोकांनी हौसेने उभारलेली घरगुती पाने ज्या ‘जिओसिटीज’वर होती, ती सेवा याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. भारतातील तरुणांचे आवडते ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. छायाचित्रे उतरवून घेण्यास मुदत दिली होती. ज्यांना कळले त्यांनी घेतली. ‘मायस्पेस’वर बारा वर्षांत लोकांनी ठेवलेले संगीत यंत्रणा हलवताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, पाच कोटींहून अधिक गाण्यांचा आकडा तेव्हा प्रसिद्ध झाला होता. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकन सरकारने ‘मेगाअपलोड’वर चोरीच्या मालाच्या आरोपाखाली टाच आणली, तेव्हा त्याच गोदामात आपली प्रामाणिक कागदपत्रे ठेवणाऱ्यांनाही दार बंद झाले.

हे झाले धंद्याचे आणि कायद्याचे. आगीचेही आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या साठवणकेंद्राची एक इमारत जळून गेली आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती त्यांचे सारे गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी केंद्राला आग लागली. तेथील सरकारी नोकरांना आपल्या कामाच्या फायली ज्या क्लाऊडमध्ये ठेवण्यास सांगितले होते, त्यातील ८५८ टेराबाइट माहिती नाहीशी झाली. पसारा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. लिस्बनचे मंत्री निदान भूकंपाकडे बोट दाखवू शकत होते.

आणि केवळ दुसऱ्याच्या इच्छेने दार बंद होण्याचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध घातले होते, एवढेच निमित्त. पैसे भरलेले, करार झालेला, तरी कर्मचाऱ्यांना आपली टपालपेटी उघडता येईना. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या कंपनीजवळ वकील होते. बेटेगावच्या एखाद्या कामगाराचे खाते यंत्राने चुकून संशयास्पद ठरवून गोठवले, तर त्याने कोणत्या खिडकीवर अर्ज द्यायचा? सहकारी बँक बुडाली तर ठेवीदारास २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आईच्या आवाजाला तसा विमा नाही.

याहून शांतपणे होणारी हानीही आहे. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली. पंधरा गीगाबाइटनंतर भाडे सुरू झाले. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती मजकुरासह मिटवण्याचे धोरण त्याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. आता विचार करा. वडील वारले. त्यांचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नाही. खाते उघडायचे तर सांकेतिक अंक त्यांच्याच फोन क्रमांकावर येणार आणि तो क्रमांक खर्च वाचवण्यासाठी घरच्यांनी बंद केलेला. काही काळाने कंपनी तो क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते. कोणी चोरी केली नाही, आग लागली नाही, तरी एका आयुष्याची छायाचित्रे कुलपाच्या आत राहिली आणि दोन वर्षांनी कुलपासह गेली.

क्लाऊड टाळावा असे आम्ही सांगत आहोत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या भागात घर हीच सुरक्षित जागा, असे म्हणणे धाडसाचे होईल. किनाऱ्याची खारी दमट हवा अल्बमच्या पानांना बुरशी आणते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, भिंतींना तडे गेले, लोक थंडीत बाहेर झोपले. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे येथील कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई-ठाण्याकडच्या किती घरांची कागदपत्रे लगदा झाली, ते ज्यांनी भोगले त्यांना विचारावे. अशा वेळी दूरच्या इमारतीतली प्रत म्हणजे मंगळूरच्या पुराणाला लंडनचा आधार. पण मंगळूर होते म्हणून त्या आधाराला अर्थ आला.

तेव्हा घरात एक डिस्क असावी, हातात मावेल एवढी, आणि वर्षातून एकदा तरी तीत नवी छायाचित्रे उतरवावीत. तशीच दुसरी मूळ गावी भावाकडे असावी. तिसरी वाट क्लाऊडची. डिस्कही अमर नसतात, चार-सहा वर्षांनी बदलाव्या लागतात. मजकुराच्या लिपीकडेही पाहावे: १९९० च्या दशकात आपल्याकडे श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत जुळवलेले मराठी लेख, स्मरणिका, लग्नपत्रिका आज उघडल्या तर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. फायली जागेवर आहेत, वाचता मात्र येत नाहीत. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम अजून करता येते. निवडक पंचवीस-तीस छायाचित्रे कागदावर छापून घेण्यासही हरकत नसावी. कागदाला परवलीचा शब्द लागत नाही. आपल्या पश्चात खाते कोणी पाहावे, त्या व्यक्तीचे नाव नोंदवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये केली आहे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि घरात मृत्यू झाला असता फोनचा क्रमांक बंद करण्याचा अर्ज देण्यापूर्वी त्या क्रमांकाला कोणकोणती खाती बांधलेली आहेत, ते आधी पाहून घ्यावे.

नोव्हेंबरच्या २ तारखेस, मृतांच्या स्मरणदिनी, बेटेगाव-बोईसरकडची पुष्कळ मंडळी आपापल्या गावी जातात. डिस्कांची अदलाबदल करण्यास तो दिवस सोयीचा आहे. संध्याकाळी कबरीवर मेणबत्त्या लावून परतल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईसमोर जुनी छायाचित्रे धरावीत आणि ती सांगेल तशी नावे प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. मागच्या रांगेतला, टोपी घातलेला, डावीकडून तिसरा कोण, हे तिच्याशिवाय आता कोणासच ठाऊक नसते.